घरातली करुणेची जागा : बुद्धवंदनेचा कोपरा कसा आणि कशासाठी मांडायचा?

(पाटोदा, जि. बीड येथील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याची भाषा शक्य तितकी तशीच ठेवली आहे.)



आजचा विषय तसा घरगुती आहे. धम्मावरचं व्याख्यान म्हटलं की आपण चार आर्यसत्यं, अष्टांगिक मार्ग, प्रतीत्यसमुत्पाद यावर बोलतो. ते बोललंच पाहिजे. पण व्याख्यान संपलं, चहा सुरू झाला, की मायमाऊल्या जवळ येतात आणि वेगळंच विचारतात. बुद्धाची मूर्ती कुठल्या भिंतीला ठेवायची? मेणबत्ती रोज लावायची का? पाळीच्या दिवसांत वंदना घ्यायची का? सहा महिने घराला कुलूप असतं, तेव्हा फोटोचं काय करायचं? या प्रश्नांना आपण छोटे प्रश्न समजतो आणि चुकतो. धम्म घरात राहतो की नाही, हे या उत्तरांवर ठरतं. म्हणून आज याच प्रश्नांवर बोलू.

मोकळा झालेला कोनाडा

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेबांनी महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून दीक्षा घेतली आणि मग लाखो लोकांना स्वतः दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या. ही लाट पुढं मराठवाड्यात गावोगाव पोचली. अनेक घरांतले देवांचे टाक नदीत गेले, विहिरीत गेले. भिंतीतला कोनाडा मात्र तसाच राहिला. कोनाडा काही कुणी बुजवला नाही. त्यात मग बुद्धाची तसबीर आली आणि शेजारी बाबासाहेबांची.

आता कुणी म्हणेल की बौद्धांना मूर्ती कशाला, वंदना कशाला, आपण तर बुद्धिवादी. पण बाबासाहेबांनी काय केलं ते बघा. दीक्षेच्या आधी जवळजवळ दोन वर्षं, २५ डिसेंबर १९५४ ला, त्यांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना केली. 'बौद्ध पूजापाठ' नावाची छोटी पुस्तिका तयार केली. महाराष्ट्र शासनानं त्यांच्या लेखनाचे जे खंड काढले, त्यातल्या सोळाव्या खंडात पाली शब्दकोश आणि व्याकरणासोबत ती छापलेली आहे. म्हणजे एका हातानं जुनी देवपूजा सोडायला सांगितली आणि दुसऱ्या हातानं वंदनेची रीत दिली. माणसाला जमायला जागा लागते, घराला एक मध्य लागतो, हे त्यांना नीट ठाऊक होतं.

अडचण तसबिरीत नाही. जुन्या देव्हाऱ्याचे काही नियम होते. कुणी हात लावायचा, कुणी नाही. कुठल्या दिवशी बाईनं लांब बसायचं. नवस बोलायचा, तो फेडायचा. नाही फेडला तर कोप होणार म्हणून घाबरायचं. तसबीर बदलली आणि हे नियम तसेच राहिले, तर मग बदललं काय? तुमच्या-आमच्या घरांत हे होतंय का, हे प्रत्येकानं आपल्या घरापुरतं तपासावं. परीक्षेच्या आधी पोरगं बुद्धासमोर पास होण्यासाठी हात जोडत असेल, तर त्याला रागवायचं कारण नाही. पण त्याला ही जागा कशासाठी आहे हे कुणी सांगितलेलंच नाही, एवढं त्यातून कळतं.

करुणा म्हणजे नेमकं काय?

बुद्धाला आपण महाकारुणिक म्हणतो. रोज म्हणतो म्हणून शब्द गुळगुळीत झालाय. विनयपिटकातली एक गोष्ट सांगतो, म्हणजे तो पुन्हा उघडेल.

एक भिक्खू हगवणीनं आजारी होता. स्वतःच्याच घाणीत पडलेला. बुद्ध आणि आनंद विहारात फेरी मारताना त्याच्याजवळ पोचले. बुद्धानं विचारलं, तुझं करायला कुणी नाही का? तो म्हणाला, नाही. का नाही? तर म्हणाला, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नाही, म्हणून कुणी माझं करत नाही. बुद्धानं आनंदाला पाणी आणायला सांगितलं. बुद्धानं पाणी ओतलं, आनंदानं त्याला धुतलं, दोघांनी उचलून खाटेवर ठेवलं. मग सगळ्या भिक्खूंना बोलावून समजावलं की इथं तुमचे आई-बाप नाहीत, तुम्हीच एकमेकांचं केलं नाही तर कोण करणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्यानं आजाऱ्याची सेवा करावी.

उपयोगाचा नाही म्हणून कुणी बघत नाही, हे वाक्य आपल्या तालुक्यात नवं आहे का? दिवाळीच्या आगंमागं कोयते बाहेर पडतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. घरी राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. वस्तीवर चार म्हाताऱ्या उरतात. त्यातल्या एखादीचा पाय मोडला तर कोण बघतं? बुद्धाची गोष्ट तिथं लागू होते.

आता करुणेच्या मूर्तीकडं येऊ. पाली परंपरेत करुणेची मूर्ती म्हणजे स्वतः बुद्ध. महायानात मात्र करुणेला वेगळं रूप दिलं गेलं, ते म्हणजे बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. हातात कमळ असलं की त्यालाच पद्मपाणी म्हणतात. मुकुटात बसलेल्या बुद्धाची छोटी प्रतिमा असते, तो अमिताभ बुद्ध. तिबेटमध्ये त्याला चेनरेझिग म्हणतात, आणि दलाई लामांना तिथले लोक त्याचंच रूप मानतात. चीनमध्ये तो ग्वानयिन झाला, आणि पुढं तर स्त्रीरूपात, आईसारखा घराघरांत गेला. जपानमध्ये कान्नोन. या नावाचं एक जुनं रूप 'अवलोकितस्वर' असंही सापडतं. म्हणजे हाक ऐकून जो बघतो तो. इसवी सन ४०६ मध्ये कुमारजीवानं सद्धर्मपुंडरीक सूत्राचं चिनी भाषांतर केलं, त्यातही नाव याच अर्थानं उतरलं आहे.

हे सगळं परदेशातलं वाटेल. पण या बोधिसत्त्वाची जगात गाजलेली चित्रं-शिल्पं आपल्या मराठवाड्याच्या डोंगरांत आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातला पद्मपाणी तुम्ही कॅलेंडरवर तरी पाहिलाच असेल. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातला, वाकाटक राजा हरिषेणाच्या काळातला. मान कललेली, हातात निळं कमळ, नजर खाली. अंगावर दागिने आहेत, डोक्यावर मुकुट आहे, पण लक्ष स्वतःकडं नाही.

त्याहून आमच्या कामाचं शिल्प औरंगाबाद लेण्यांत आहे, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठाच्या मागच्या डोंगरात. सातव्या लेण्याच्या दारापाशी अवलोकितेश्वर उभा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना चार-चार छोटे देखावे कोरले आहेत. संकटातली माणसं त्याला हाक मारताहेत. संकटं कोणती? आग. तलवार घेतलेला शत्रू. बेड्या. बुडणारं जहाज. सिंह. साप. पिसाळलेला हत्ती. आणि आठवं, मृत्यू. असाच देखावा अजिंठ्याच्या चौथ्या लेण्यात आहे, मुंबईजवळ कान्हेरीलाही आहे.

ही यादी शांतपणे वाचा. ही रस्त्यावरच्या माणसाची यादी आहे. घर सोडून लांब जाणाऱ्या व्यापाऱ्याची, तांड्याची, खलाशाची. आणि आज ऊस तोडायला जाणाऱ्या माणसाची यादी केली तर काय निघेल? कोपीला लागणारी आग. उसाच्या फडातला साप. सिंह नाही, पण बिबट्या आहे. जहाज नाही, पण रात्रीचा उसानं भरलेला ट्रॅक्टर आहे. लोखंडाची बेडी नाही, पण उचल फिटेपर्यंत मुकादमाच्या हाताखालून सुटका नाही. पंधराशे वर्षांत नावं बदलली, भीती तीच आहे.

मग प्रश्न येतो की अवलोकितेश्वराला हाक मारली की तो येतो का? इथं आपली वाट वेगळी होते आणि ती स्पष्ट सांगितली पाहिजे. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेब बुद्धाला मार्गदाता म्हणतात, मोक्षदाता नव्हे. वाट दाखवणारा, उचलून नेणारा नाही. त्यामुळं लेण्यातला तो देखावा आपण असा वाचायचा की हाक ऐकायची आहे ती आपण. कोरणाऱ्यानं वर मोठी मूर्ती कोरली ती ऐकणाऱ्याची. वंदनेला बसलेल्या माणसानं त्या ऐकणाऱ्यासारखं व्हायचं आहे. त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी आणखी एक भेद केलाय. करुणा माणसांवरची, आणि त्याच्या पुढची मैत्री सगळ्या जिवांवरची. म्हणजे बैलापर्यंत आली.

मांडणी : काय, कुठं, किती

आता प्रत्यक्ष मांडणी. यात सोवळंओवळं काही नाही, सोयीचं बघायचं.

जागा अशी निवडा की घरातली सगळी माणसं समोर खाली बसू शकतील. दिशेचं बंधन नाही, वास्तुशास्त्राच्या नादी लागू नका. बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपेक्षा फळी थोडी वर असावी, म्हणजे मान आपोआप सरळ होते. एका खोलीचं घर असेल तर टीव्हीवर फोटो नको, कारण मग वंदनेच्या वेळी कोणाचं तोंड कुठं हे तुम्हाला माहीतच आहे. चुलीचा धूर, छताची गळती, पोरांच्या चेंडूचा मार लागणार नाही एवढं बघा. फळीवर स्वच्छ पांढरं कापड.

मधोमध बुद्धाची मूर्ती किंवा फोटो, एकच. शेजारी बाबासाहेबांचा फोटो. अनेक घरांत माता रमाई, जोतिबा, सावित्रीमाई, शाहू महाराज असतात. ते चांगलंच आहे, पण ते बाजूच्या भिंतीवर ओळीनं लावा. एका फळीवर दहा फोटो दाटले की कुणाकडंच बघणं होत नाही. मूर्ती महाग लागत नाही. मातीची, लाकडाची, कागदावर छापलेली, सगळ्यांची किंमत वंदनेला सारखीच. पंचरंगी धम्मध्वज असेल तर तो भिंतीवर. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. १८८५ मध्ये कोलंबोत हा ध्वज पहिल्यांदा फडकला आणि आज जगभरच्या बौद्धांचा आहे.

आता समोर काय ठेवायचं? फूल, दिवा किंवा मेणबत्ती, आणि अगरबत्ती. प्रत्येकाचा अर्थ पोरांना सांगा, नाहीतर ते नुसतं सामान होतं. फूल संध्याकाळपर्यंत कोमेजतं. आपलं शरीरही तसंच, हे अनित्य आठवायचं. दिवा म्हणजे प्रज्ञा, अंधार घालवणारी. सुगंध म्हणजे शील, जे सांगावं लागत नाही, आपोआप पसरतं. फूल दुसऱ्याच्या दारातून न विचारता तोडून आणलं असेल तर पंचशीलातलं दुसरं शील सकाळीच मोडलं, हेही ध्यानात ठेवा.

बावीस प्रतिज्ञांतल्या एका प्रतिज्ञेत आपण तीन गोष्टी एकत्र घेऊन जगण्याचं वचन देतो : प्रज्ञा, शील आणि करुणा. प्रज्ञेसाठी दिवा झाला. शीलासाठी अगरबत्ती झाली. करुणेसाठी फळीवर काय आहे?

बघा, काहीच नाही. आणि तेच बरोबर आहे असं आम्हाला वाटतं, कारण करुणा फळीवर ठेवून भागत नाही, ती घराबाहेर जावी लागते. म्हणून आम्ही एक सुचवतो. फळीखाली एक डबा ठेवा. रोज वंदनेनंतर घरातल्या कुणीतरी, शक्यतो लेकरानं, त्यात मूठभर ज्वारी किंवा एक-दोन रुपये टाकायचे. पौर्णिमेला डबा उघडायचा आणि ते बाहेर द्यायचं. बाळंतिणीच्या घरी, दवाखान्यात पडलेल्याला, शेजारच्या एकट्या म्हातारीला. जात-धर्म न विचारता. कुणाला दिलं ते मिरवायचं नाही, मोबाईलवर फोटो काढायचा नाही. आणि देण्यासारखं काही नसेल त्या महिन्यात पौर्णिमेला जाऊन कुणाचं पाणी भरून द्या, कुणाला दवाखान्यात घेऊन जा. बुद्धानं त्या आजारी भिक्खूसाठी काय केलं? पाणीच ओतलं.

वंदना किती वेळ? त्रिशरण, पंचशील, आणि मग पाच मिनिटं शांत बसणं. एवढं रोज झालं तर पुष्कळ झालं. शांत बसताना एक माणूस आठवा जो आज अडचणीत आहे, आणि त्याच्यासाठी आपण उद्या काय करू शकतो ते ठरवा.

कोपीतली जागा

आता ज्यांच्या घराला सहा महिने कुलूप असतं त्यांच्यासाठी. गंमत बघा, बुद्धाच्या काळीही भिक्खू वर्षातला बराच काळ फिरत असत आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहत, तोच वर्षावास. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत. ऊसतोड कामगाराचं वर्ष याला किती जुळतं! पावसाळ्यात तुम्ही गावी असता. म्हणून घरातली जागा मांडायची, 'बुद्ध आणि त्याचा धम्म' रोज थोडा वाचायचा, पोरांना अर्थ सांगायचा, तर तो वर्षावासात. आश्विनात धम्मचक्र प्रवर्तन दिन होतो आणि मग गाड्या भरतात. ६ डिसेंबरचा महापरिनिर्वाण दिन फडावर येतो. पट्टा पडला की परत आल्यावर वैशाखात बुद्धपौर्णिमा घरी.

कारखान्यावर जाताना सोबत काय न्यायचं? पोस्टकार्डाएवढा एक फोटो, प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि एक पांढरा रुमाल. बस. कोपीत पेटीवर रुमाल अंथरला, फोटो टेकवून ठेवला, की झाली वंदनेची जागा. उचलली की मिटली. ती कमी प्रतीची नाही.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. कोपीत मेणबत्ती आणि अगरबत्ती लावू नका. कोपीला तट्ट्या, ताडपत्री, भोवती वाळलेलं पाचट. पहाटे तीनला फडात जायची घाई, आत लेकरू झोपलेलं. एक ठिणगी पुरते. दिव्याच्या जागी बॅटरीचा दिवा चालतो, फूल चालतं, तांब्याभर पाणीही चालतं. करुणेच्या नावानं लावलेल्या ज्योतीनं लेकराला धोका होत असेल, तर ती विझवणं हीच वंदना.

आणि गावी जी म्हातारी राहते तिच्याकडं घरातल्या मोठ्या फोटोची जबाबदारी द्या. फूल वाहण्यापुरती नव्हे. वस्तीतल्या मागं राहिलेल्या लेकरांना संध्याकाळी तिच्यापुढं बसवा. आठ-दहा लेकरं रोज एका ठिकाणी जमली, की कोण आलं नाही, कोण आजारी आहे, कुणाच्या घरी आज चूल पेटली नाही, हे कळतं. वंदनेच्या जागेचा हा सगळ्यात मोठा उपयोग आहे.

श्रोत्यांचे प्रश्न

*पाळीच्या दिवसांत वंदना घ्यावी का?*

जरूर घ्यावी. फुलं वाहावीत, मूर्तीही पुसावी. धम्मात विटाळ नाही. ज्या घरात मुलीला त्या दिवसांत लांब बसवतात, त्या घरात कोनाडा अजून जुनाच आहे.

*पद्मपाणीचा फोटो घरात लावला तर बावीस प्रतिज्ञा मोडतात का?*

प्रतिज्ञांमध्ये कोणाकोणाला देव मानायचं नाही त्यांची नावं स्पष्ट आहेत. त्यात अवलोकितेश्वर नाही. पण प्रतिज्ञांचा आशय नाव बघून संपत नाही. त्याला नवस बोलायचा असेल, संकटमोचक म्हणून पुजायचं असेल, तर आशय मोडला. अजिंठ्याचा वारसा म्हणून, ऐकणाऱ्या माणसाचं चित्र म्हणून लावायचं असेल तर बाजूच्या भिंतीवर अवश्य लावा आणि पोरांना त्या आठ संकटांची गोष्ट सांगा. ज्यांना नको वाटतं त्यांनी लावू नये, त्यांचं काही अडत नाही. मध्यभागी बुद्धच.

*मूर्ती भंगली तर अपशकुन का? नदीत सोडायची का?*

अपशकुन नाही. वस्तू फुटते, अनित्यच आहे. चिकटवता आली तर चिकटवा. नाही तर मातीची असल्यास स्वच्छ जागी मातीत पुरा. प्लॅस्टरची, रंगाची मूर्ती नदीत सोडू नका. आपली मांजरा याच तालुक्यात बालाघाटच्या डोंगरात उगम पावते. खाली कितीतरी गावं तिचं पाणी पितात. पाणी घाण करून कसली वंदना?

*घरातले काही जण जुने देव मानतात. भांडणं होतात. काय करावं?*

भांडून फोटो बसवता येतो, धम्म बसत नाही. तुम्ही तुमचा कोपरा नीट चालवा, डबा चालवा. सासू आजारी पडली तर तिचं नीट करा. घरातली माणसं फोटोपेक्षा तुमच्याकडं जास्त बघत असतात.

वेळ झाला आहे, बऱ्याच जणांना लांबच्या वस्तीवर जायचं आहे. एकच विनंती. आज घरी गेल्यावर आपला कोनाडा एकदा बघा. फोटोवरची धूळ पुसा, तिथं साठलेली औषधाची चिठ्ठी, चाव्या, जुनं लाइटबिल दुसरीकडं ठेवा. आणि खाली एक डबा ठेवा. येत्या पौर्णिमेला तो कुणाच्या घरी जाणार, हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवा.

नमो बुद्धाय. जयभीम.